थंडीतली चिलापी

उजनीच्या काठावर हिवाळा म्हणजे मासेमारीचा पडता काळ. हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. दिवाळीला धरण तुडुंब असतं, पाणी पार उसाच्या बांधाला टेकलेलं, आणि मासा त्या अफाट पसाऱ्यात कुठंतरी खोल बसलेला. थंडीनं त्याची भूक मंदावते, फिरणं मंदावतं. टांगलेलं जाळं काही माशाच्या मागं धावत नाही. मासाच हलला नाही तर त्यात येणार कोण? धंदा उन्हाळ्याचा, पाणी ओसरून मासा आयता गोळा होतो तेव्हाचा. तरी आमच्या वयाच्या कुणालाही काठावर बोलतं करा, आठवणी निघतील त्या सगळ्या पौष-माघातल्या. कमाई वैशाखात केली आणि जीव अडकला थंडीत.

तेव्हा संध्याकाळी जाळी सोडायची आणि पहाटे ओढायला जायचं. होडी असलेले भाग्यवान. बाकीच्यांकडे ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब. तिच्यावर बसायचं, पाय पाण्यात आणि हाताचं वल्हं. धुक्यात काठ दिसेनासा झाला की कुणाच्या तरी डिझेल इंजिनाच्या ठोक्यांवरून गावाची दिशा धरायची. बोटं इतकी बधिर व्हायची, की चिलापीच्या पाठीचा काटा रुतला तरी तिथं पत्ता लागायचा नाही. काठावर पाचट पेटवलं, बोटं शेकली, की मग ठणका सुरू. पाचटाचा जाळ तरी कसला? भसकन अंगावर येणार आणि चहाला आधण येईस्तोवर राख होणार. म्हणून शहाणी माणसं बांधावरून येताना काखेत चार तुराट्या घेऊन यायची, आणि बाकीचे त्यांच्या शेजारी जागा धरायचे.

आता डोक्याला बॅटरी असते, फायबरची होडी असते, कुणाकुणाच्या अंगात लाइफ जॅकेटही. धरण किती टक्के भरलं, हे तोंड धुण्याआधी मोबाइलवर येतं. वारा कधी उठणार, कधी पडणार, तेही येतं. तेव्हा काही कळत नसे म्हणून आम्ही जायचो आणि रिकाम्या हातानं यायचो. आता सगळं आधीच कळतं म्हणून पोरं जातच नाहीत. शहाणपण कुणाचं, हे सांगायला नको. ट्यूब पंक्चर होऊन बुडता बुडता वाचलेले आमच्यातही आहेत, आणि न वाचलेल्यांची नावं आम्ही शेकोटीपाशी काढत नसू.

चुकल्याचुकल्यासारखं होतं ते दुपारचं. उन्हानं काठालगतचं उथळ पाणी जरा कोमट झालं की चिलापी वर यायची, आणि आम्ही पोरं गळ घेऊन बसायचो. तरंगायला ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा तुकडा, आमिषाला गांडूळ, नाही तर शेंगदाण्याच्या पेंडीत मळलेली कणीक. मागं लिंबाखाली म्हातारी माणसं जाळी सांधत बसलेली. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, दोऱ्यानं भरलेली बांबूची सुई खालून आत, वरून बाहेर, गाठ ओढायची आणि दातानं दोरा तोडायचा. एकेक भोक बुजवताना गावातली एकेक भानगड उकलायची. आता जाळं फाटलं की टाकून देतात. नवं स्वस्तात येतं, सांधायला बसणाऱ्याची मजुरी परवडत नाही. हिशेब बिनचूक आहे. टाकलेलं जाळं मात्र पाण्यातच राहतं आणि त्यात पाणकावळे अडकतात.

बाजारचंही तसंच. तेव्हा ओल्या गोणपाटावर वाटे पडायचे: वर एक ठळक मासा, खाली चार किडकिडीत. आता वजनकाटा ग्रॅमपर्यंत बोलतो. वाटा घालताना होणारी घासाघीस आठवून आम्ही हळहळतो. पण पावसाळ्यात घेतलेली उचल फेडता फेडता व्यापारी म्हणेल तो भाव मुकाट घ्यावा लागे, ते सोयीनं विसरतो. होडीतूनच ओंजळीनं पाणी प्यायचो, हेही अभिमानानं सांगतो. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं; आता उन्हाळ्याकडं पाणी हिरवंगार होतं, ओंजळ भरायची छाती नाही. ते तेव्हा निर्मळ होतं की नुसतं आम्हाला दिसत नव्हतं, कोण जाणे.

शिवाय आमचं ‘पूर्वी’ ते केवढं? धरण पुरं झालं १९८० साली. त्याआधी इथं तलावच नव्हता. भीमा होती, काळी रानं होती, गावं होती. आजोबांच्या लेखी आमचा हा सगळा सुवर्णकाळ म्हणजे ‘हल्लीचं’ होतं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडायचं, ते बघायला ते मुद्दाम जायचे. धरणातल्या माशाचं कौतुक त्यांना कधी वाटलं नाही. मासा म्हणजे मरळ, मासा म्हणजे वाम, तीही वाहत्या पाण्यातली. चिलापीला ते मासा मानायलाच तयार नव्हते. अन् ती तरी कुठली? मूळची आफ्रिकेची. आज जाळ्यात सकर येतो, दक्षिण अमेरिकेतला, लोकांच्या काचेच्या टाकीतून सुटलेला. त्याच्या खरखरीत काट्यांनी जाळं फाटतं आणि आम्ही म्हणतो, आमच्या चिलापीचा घास या परक्यानं घेतला.

थंडीतला रिकामा वेळ आता पक्षी भरून काढतात. भिगवण, कुंभारगावच्या बाजूला रोहित बघायला शहरातून माणसं येतात, आणि जाळं ओढणारेच होडीतून त्यांना फिरवतात. आम्ही बुडबुड्यांवरून मासा ओळखायचो. आमची पोरं लेन्सच्या लांबीवरून गिऱ्हाईक ओळखतात. रिकाम्या जाळ्यापेक्षा यात पैसा जास्त, आणि पायही कोरडे राहतात. उतरताना पाहुणे हटकून विचारतात, इथं चिलापी चांगली कुठं मिळते? ज्या माशाच्या वाट्याला आजोबांनी कधी हात लावला नाही, त्याच्यासाठी आता पुण्याहून गाड्या येतात. सकरचं मात्र असं काही होईलसं वाटत नाही. कातडं चिलखतासारखं, आणि ते सोलून काढलं तरी आत खाण्याजोगं फारसं निघत नाही.