बसणें आणि सोसणें

एखादी वस्तु एखाद्या जागेंत नीट बसली म्हणजे ती त्या जागेसाठींच घडली असली पाहिजे, असा आमचा आजवरचा भाबडा समज होता. अमेरिकेंत टेक्सास राज्यांत भाच्याकडे राहावयास गेलों असतां एका काडतुसानें तो पार उडवून लावला.

भाच्यानें '.३८ स्पेशल' जातीचें एक जुनें, हलकें रिव्हॉल्व्हर विकत घेतलें होतें. नेमबाजीच्या मैदानावर तो आम्हांस कौतुकानें घेऊन गेला. बरोबरच्या डबीवर 'प्लस पी' अशी खूण होती. "मामा, हीं जरा जोरदार आहेत. चालतील ना?" त्यानें विचारलें. या विद्येंत आमची गति शून्य. तरी प्राध्यापकास 'ठाऊक नाहीं' म्हणणें जड जातें. "बसतात ना? मग भर कीं!" आम्हीं ठणकावून सांगितलें. तो भरूं लागला, तोंच मैदानावर देखरेख करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थानें त्याचा हात धरला.

त्यानें दोन काडतुसें तळहातावर ठेवलीं. लांबी एक, घेर एक. फरक काय तो बुडावर कोरलेल्या खुणेंत. परंतु साध्या काडतुसाच्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचास १७,००० पौंड, तर प्लस पीची २०,०००. बार उडाला कीं तो भार सिलिंडरच्या भिंतींवर आणि चौकटीवर येतो. जुनें हत्यार पहिल्याच बारास फुटेल असें नव्हे. पण चौकट हळूहळू ताणते, सिलिंडर खिळखिळा होतो. कारखान्यांत अधिक दाबाचें काडतूस उडवून हत्यार पारखलेलें असतें खरें. पण ती एका दिवसाची परीक्षा, रोजचा संसार नव्हे! म्हणून त्या नमुन्याबद्दल कारखानदाराचें लेखी मत पाहावें. तें न मिळाल्यास हत्याराचा अनुक्रमांक कळवून विचारावें. तोंवर साधींच काडतुसें वापरावीं. 'प्लस पी प्लस' या खुणेस तर तेथील उत्पादकांच्या संस्थेनें मर्यादाच आंखून दिलेली नाहीं.

माणूस अशी चूक करणार, हें जुन्या कारागिरांनीं ओळखलें होतें. १९३५ सालीं '.३५७ मॅग्नम' निघालें, तेव्हां त्याचें कवच .३८ स्पेशलहून सुमारें अष्टमांश इंच लांब ठेवलें. हेतु हा कीं, दुबळ्या रिव्हॉल्व्हरांत तें बसूंच नये. तेथें पितळच माणसाला अडवितें. प्लस पीच्या बाबतींत अडवावयास एक चिन्ह आणि एक अक्षर, एवढेंच आहे. तें वाचणें मात्र आपल्यावर सोंपविलेलें आहे.

परततांना भाचा मोटार हांकीत होता. चाकावरचे त्याचे दोन्ही शाबूत हात आम्ही वारंवार पाहत होतों. "ठाऊक नाहीं रे, विचारूं या," एवढेंच म्हणावयाचें होतें! विद्यार्थ्यानें चुकीचें उत्तर ठणकावून दिलें कीं आम्ही त्याचे गुण कापतों. त्या दिवशीं आमचे कापावयास कोणी नव्हतें.