चिपळूणची स्वस्त गाडी

कोकणांत लोक कुळधर्मास जातात, आंबे आणावयास जातात, नाहीं तर समुद्र पाहावयास जातात. आम्ही २०२३ च्या मार्गशीर्षांत चिपळुणास गेलों तें मात्र एक जुनी मोटार पाहावयास. बरोबर सूनबाई होती.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. त्याच वर्षीं अधिक श्रावणांत एका रात्रीं वडीलबंधूंना एकाएकीं धाप लागली, आणि भाड्याची गाडी दारांत येईपर्यंत चाळीस मिनिटें गेलीं. बंधु त्यांतून निभावले. परंतु तीं चाळीस मिनिटें घरांतील कोणीच विसरलें नाहीं. दुसऱ्याच आठवड्यांत सूनबाईनें शिकाऊ परवाना काढला आणि दिवाळीपूर्वीं पक्का परवाना मिळविला. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास, आमच्या डोळ्यांत मोतीबिंदु. तेव्हां सारथ्य तिच्याकडेच येणार हें उघड होतें. खर्चाची मर्यादा दीड लाख रुपये. नवशिक्याच्या गाडीस पहिल्या सहा महिन्यांत चार ओरखडे पडावयाचेच. मग नवी कोरी गाडी घेऊन प्रत्येक ओरखड्यास हळहळत बसण्यापेक्षां लहानशी जुनी गाडी बरी, असें तिचें म्हणणें होतें, व तें आम्हांसही पटलें.

पुण्यांत दोन दलालांकडे आम्हीं फेऱ्या घातल्या. तेथील गाड्या नवरीसारख्या सजविलेल्या होत्या, आणि वयानें कितीही थोर असल्या तरी किलोमीटरचा आंकडा सगळ्यांचा चाळीस हजारांच्या आंत! हें ब्रह्मचर्य आम्हांस कांहीं खरें वाटेना. इतक्यांत एका आप्तांकडून चिपळूणची बातमी आली. गाडी २०१६ सालची, मालक एकच, किंमत अवघी एक लाख वीस हजार. आम्हीं उत्साहाच्या भरांत दूरध्वनीवर सांगून टाकलें, "गाडी आमचीच समजा." हें वाक्य पुढें आम्हांस फार जड गेलें.

स्वारगेटहून पहांटेची एस. टी. धरली. उंब्रजला महामार्ग सोडून पाटणचा रस्ता लागतो, आणि कोयनानगर मागें पडलें कीं कुंभार्लीचा घाट सुरू होतो. घाटांत धुकें इतकें दाट होतें कीं पुढच्या मालमोटारीचा तांबडा दिवा तेवढा दिसे. आम्ही दरीकडे पाहत होतों. सूनबाई चालकाच्या पायांकडे पाहत होती. "मामंजी, पाहिलेंत? ब्रेकवर पाय ठेवून नाहीं उतरत ते. खालचा गिअर टाकून इंजिनाकडूनच गाडी आवरून धरतात. सारखा ब्रेक दाबला तर तो तापून ऐन वेळीं दगा देतो." पायथ्याशीं पोफळी. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून येथें उतरतें, वीज देतें, आणि पुढें वाशिष्ठीस मिळतें.

त्या वाशिष्ठीचा धाक चिपळुणांत पदोपदीं जाणवतो. २२ जुलै २०२१ रोजीं सारी बाजारपेठ पाण्याखालीं गेली होती. येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचें. इतक्या जुन्या ग्रंथसंग्रहासही त्या पुरानें सोडलें नाहीं. आम्हांस खरें म्हणजे तेथेंच जाऊन बसावयाचें होतें, पण यजमान वाट पाहत होते.

यजमान मोठे अगत्यशील. पोहे, त्यावर ओलें खोबरें, मग कोकमाचें सरबत. अंगणांत पांढरी शुभ्र गाडी उभी, आंत अत्तराचा घमघमाट. आम्हीं तिला एक प्रदक्षिणा घातली आणि खिशांतील पाकिटास हात लावला. सूनबाईनें मात्र प्रथम बॉनेटवर तळहात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली. कारण आधींच तापवून ठेवलेलें इंजिन आपले दोष लपवितें. नंतर ती आंत बसली आणि सुरक्षेचा पट्टा हळूहळू शेवटपर्यंत ओढीत राहिली. वरचा भाग स्वच्छ होता. शेवटची वीतभर पट्टी मातकट. तिनें डिकींतील सतरंजी उचलली, जादा चाक बाहेर काढलें. खालच्या खळग्याच्या कोपऱ्यांत तांबूस गाळ पिठासारखा बसलेला होता. आसनाखालचे स्क्रू गंजलेले.

"मामंजी, जरा थांबा. पैसे देऊं नका."

पुरांत बुडालेली गाडी धुऊन पुसून चालूं होते. पण तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने आंतून खात राहतो आणि एखाद्या रात्रीं, भर पावसांत, सर्व कांहीं एकदम बंद पडतें. आमच्या घरीं गाडी हवी होती ती नेमकी त्याच रात्रीसाठीं.

यजमान बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. "पूर आला तेव्हां गाडी वरच्या आळींत होती," असें त्यांनींच थोड्या वेळापूर्वीं सांगितलें होतें. मग खालीं पाहत म्हणाले, "दुकान गेलें त्या पाण्यांत. हीही गेली असती तर बरें झालें असतें." आम्हांस त्यांचा राग यावयास हवा होता, तो आला नाहीं. दिलेला शब्द आम्हीं परत घेतला, तो ताठ मानेनें नव्हे. जेवण त्यांच्याकडेच झालें. कोणी फारसें बोललें नाहीं.

परततांना साताऱ्यास आत्तेभावाकडे मुक्काम केला, आणि तेथें शेजारच्या निवृत्त गृहस्थांची वॅगनआर अनायासें दृष्टीस पडली. २०११ ची, राखी रंगाची, डाव्या दारास पोचा. बहात्तर हजार किलोमीटर. पण प्रत्येक दुरुस्तीची पावती तारीखवार लावलेली. नोंदणीचीं पंधरा वर्षें २०२६ सालीं पुरीं होणार होतीं, म्हणून किंमत उतरलेली. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. येथें होते २३१६, म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबरास भेगा. टायर बदलण्याचा खर्च वजा करून सौदा एक लाख तीस हजारांस ठरला. गांवांतील एका मिस्त्रीनें खालून वरून तपासून होकार दिला. एक उणीव मात्र राहिलीच. चालकापुढील हवेची पिशवी नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीची झाली. या गाडींत ती नाहीं. स्वस्ताईची ही किंमत आम्हांस अजूनही टोंचते.

आर. सी. पुस्तकावर बँकेच्या कर्जाची नोंद तशीच होती, कर्ज फिटून कित्येक वर्षें झालीं तरी. बँकेचा दाखला आणि पस्तीस क्रमांकाचा नमुना, मग हस्तांतराचे एकोणतीस व तीस, विम्यावरील नांव. यांत पंधरवडा गेला. त्यानंतर गाडी आणावयास आम्ही दोघेंच गेलों.

खंबाटकीच्या बोगद्याबाहेर उतारावर धोक्याचें वळण आहे. सूनबाईनें वेग पन्नासाच्या वर जाऊं दिला नाहीं. मागून मालमोटारी भोंगे वाजवीत होत्या, आणि आम्ही शेजारीं बसून आपला उजवा पाय तळाशीं दाबून धरीत होतों, जणूं ब्रेक आमच्याकडेच होता. शिरवळास चहा घेतला. ती एवढेंच म्हणाली, "हात थरथरताहेत, मामंजी, पण गाडी सरळ चालते."

वाड्याच्या दिंडींतून गाडी आंत घेण्यास चार खेपा लागल्या, आणि चौथ्या खेपेस पोचा असलेल्या त्याच दारास खांब घांसला. आवाज ऐकून बंधु काठी टेकीत बाहेर आले, ओरखडा बोटानें चांचपला, आणि कोणी बोलावण्यापूर्वींच पुढच्या आसनावर जाऊन बसले.