तिच्या खुर्चीवर

लंडनच्या पिकॅडिली लाइनवर आर्सेनल नावाचं स्टेशन आहे. गाडीतून उतरल्यावर बाहेर पडायला लांबलचक चढणीचा बोगदा लागतो. फलाटाच्या भिंतीवरच्या फरशांमध्ये स्टेशनचं जुनं नाव अजून वाचता येतं, गिलेस्पी रोड. आर्सेनल फुटबॉल क्लबच्या हर्बर्ट चॅपमन या मॅनेजरने पिच्छा पुरवला आणि 1932 मध्ये स्टेशनला क्लबचं नाव मिळालं. एका फुटबॉलवाल्याच्या हट्टापायी शहराचा नकाशा बदलावा, याचं मला नवल वाटलं नाही. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असला की आमच्या गल्लीत साखरपुड्याची वेळसुद्धा पुढे सरकायची.

1 मार्च 2018. गुरुवारची संध्याकाळ. बोगद्यातून वर आले तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. एरवी सामन्याच्या दिवशी त्या बोगद्यात खांद्याला खांदा लागतो, मागून कुणीतरी गाणं उचलतं आणि ते पुढे पुढे सरकत जातं. त्या दिवशी मला माझ्याच पावलांचा आवाज ऐकू येत होता. खिशात दुसरीचं सीझन तिकीट होतं.

मी ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, तिथे तळमजल्यावर एक आजोबा राहत. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारायची, तिकडची रीतच तशी. मनात मात्र आजोबाच. हायबरीच्या जुन्या मैदानात, नॉर्थ बँकेत, वडिलांचा हात धरून उभं राहून त्यांनी पहिला सामना पाहिलेला. 2006 मध्ये क्लब हायबरी सोडून जवळच्याच एमिरेट्स स्टेडियममध्ये गेला तेव्हा त्यांनी शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांची तिकिटं घेतली. एक स्वतःसाठी, एक मुलीसाठी. बारा मोसम बापलेक तिथे बसले. त्या हिवाळ्यात मुलीने येणं सोडलं. ते गेले की मी येईन, एवढंच तिने वडिलांना सांगितलं. ते म्हणजे क्लबचे मॅनेजर आर्सेन वेंगर.

वेंगर 1996 मध्ये जपानच्या नागोयाहून लंडनला आले तेव्हा एका सायंदैनिकाने 'आर्सेन कोण?' असा मथळा दिला होता. उंच, सडपातळ, चष्मेवाला, अर्थशास्त्र शिकलेला माणूस. अल्सासमधल्या एका खेड्यात, आईवडिलांच्या खानावळीत वाढलेला. त्यांनी खेळाडूंचं चॉकलेट बंद केलं, ताटात उकडलेल्या भाज्या आणल्या, रोज अंग ताणण्याचे व्यायाम सुरू केले. 1998 मध्ये लीग आणि एफए कप एकाच मोसमात जिंकले, 2002 मध्ये पुन्हा. आणि मग 2003-04 चा तो मोसम: 38 सामने, 26 विजय, 12 बरोबरी, हार एकही नाही. प्रेस्टन नॉर्थ एंडने 1888-89 मध्ये 22 सामन्यांचा मोसम न हरता काढला होता. त्यानंतर इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत हे कुणाला जमलं नव्हतं.

आजोबा या आकड्यांबद्दल फारसं बोलत नसत. ते सांगायचे फेब्रुवारी 1999 ची गोष्ट. एफए कपात शेफील्ड युनायटेडशी सामना. त्यांचा एक खेळाडू जखमी झाला म्हणून त्यांच्याच गोलरक्षकाने चेंडू बाहेर मारला. अशा वेळी चेंडू समोरच्यांना परत द्यायचा, हा अलिखित नियम. पण आर्सेनलचा कानू संघात नवा होता, तो चेंडू घेऊन धावला, त्याने पास दिला, ओवरमार्सने गोल केला आणि त्याच गोलने आर्सेनल जिंकली. सामना संपताच वेंगरांनी सांगितलं की हा विजय आम्हाला नको, सामना पुन्हा खेळू. पुन्हा खेळले, पुन्हा जिंकले. हे सांगताना आजोबांचा हात नकळत छातीवर जायचा. असा माणूस आपल्या दारात बावीस वर्षं राहिला, हीच त्यांच्या आयुष्याची मिळकत होती.

मुलगी काय म्हणायची तेही मी तितक्याच वेळा ऐकलंय. 1998 च्या त्या दुहेरी विजयाच्या वेळी ती अकरा वर्षांची होती. बापाने सांगितलेली एकही गोष्ट तिला खोटी वाटत नव्हती. उलट ती सगळी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, म्हणूनच समोरचं बघवत नव्हतं. नव्या स्टेडियमचं कर्ज फेडायचं होतं, त्या वर्षांत दरवर्षी कुणीतरी विकला जायचा: ऑन्री, फाब्रेगास, नासरी, आणि 2012 मध्ये फान पर्सी, तोही थेट मँचेस्टर युनायटेडला. 2005 ते 2014 एकही करंडक नाही. तेव्हा ती गप्प बसली होती. कर्ज देणाऱ्या बँकांनी वेंगर पाच वर्षं राहणार याची हमी मागितली होती, आणि मोठमोठ्या क्लबांची बोलावणी नाकारून ते राहिले, हेही तिला माहीत होतं. घर बांधायला काढलंय, तोवर वरणभातावर भागवू, असं चाललं होतं ते. पण 2013 मध्ये ओझिलला चाळीस दशलक्षांहून जास्त पौंड मोजून आणलं, म्हणजे हात मोकळा झाला होता. आणि 2016 मध्ये सगळे बलाढ्य क्लब एकाच वेळी अडखळले, दार सताड उघडं पडलं, तेव्हा आत शिरलं कोण? लेस्टर सिटी. आर्सेनल दहा गुणांनी मागे, दुसरी. त्या वर्षीचं तिला सहन झालं नाही. यावर आजोबांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर कुणाकडेच नव्हतं.

पुढच्याच मोसमात बायर्न म्युनिकने तिकडे 5-1 आणि इकडे 5-1 असं हरवलं. एमिरेट्सबाहेर मोर्चा निघाला. मग 18 मार्च 2017, शनिवार, वेस्ट ब्रॉमशी त्यांच्या मैदानावर सामना. आम्ही तिघं तळमजल्यावरच्या खोलीत टीव्हीसमोर बसलो होतो. मैदानावरून एक विमान गेलं, मागे फडफडणारा फलक: करार नको, वेंगर आउट. थोड्या वेळाने दुसरं विमान आलं. त्यावर वेंगरांवर विश्वास असल्याचं, त्यांचा मान राखा असं लिहिलेलं. दोन्ही बाजूंनी पैसे गोळा करून एकाच आभाळात विमानं उडवली होती. खाली आर्सेनल 3-1 अशी हरत होती. खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मुलीने वर्गणी दिली होती का, हे आजोबांनी तिला विचारलं नाही आणि आजोबांनी दिली होती का, हे तिनेही नाही.

रात्री दादाला कोल्हापूरला फोन केला. दादा आमच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर होता. त्याने विमानांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फळ्यावर लिहिल्यासारखंच की गं."

मला लगेच कळलं तो कशाबद्दल बोलतोय ते. आमच्या संघाला शिकवणारे एक मामा होते. सगळ्या पेठेचेच मामा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांच्यासारख्या संघांसमोर उभं राहायची पोरांची छाती त्यांनी तयार केली. पहाटे पाचला दारं वाजवून उठवायचे, कुणाच्या घरी दूध नसेल तर स्वतःच्या घरचा तांब्या आणायचे. पण पुढे खेळ बदलला, बाहेरून खेळाडू यायला लागले, आणि मामा अजून जुन्याच पद्धतीने पोरं उभी करत होते. तीन वर्षं संघ हरत राहिला. पेठेत दोन तट पडले. चहाच्या टपरीवर भावाभावांत वाजलं. मामांना जाऊन सांगायचं, हे सगळ्यांना मान्य होतं. सांगायचं कुणी, यावर सगळ्यांच्या माना खाली. शेवटी एका रात्री तालमीच्या फळ्यावर नव्या मोसमाची नावं लिहिली गेली आणि प्रशिक्षकाच्या जागी दुसरंच नाव. मामांनी पहाटे येऊन ते वाचलं. काही बोलले नाहीत. झाडू घेऊन रोजच्यासारखी तालीम झाडली आणि घरी गेले. पुढे ते प्रत्येक सामन्याला येत, पण आमच्या लोकांत बसत नसत. पलीकडच्या पायऱ्यांवर, जिथे कुठल्याच पेठेचे झेंडे नसतात, तिथे.

मामा जायला हवेत असं दादाचं मत होतं, आणि ते बरोबर होतं. त्याचा संघ पुढच्या वर्षी सावरला. तरी इतक्या वर्षांनीही तो फळ्याबद्दल बोलतो, करंडकाबद्दल नाही.

मे 2017 मध्ये आर्सेनलने वेम्बलीत चेल्सीला 2-1 हरवून एफए कप जिंकला. वेंगरांचा सातवा, आणि सात एफए कप जिंकलेला दुसरा मॅनेजर इतिहासात नाही. त्या रात्री आजोबांच्या खोलीत मुलीने बापाला मिठी मारली. दोघंही रडत होते. मला वाटलं, आता होईल. आता ते कप वर उचलतील, हात हलवतील आणि निघतील, आणि या घरातलं भांडण मिटेल. चार दिवसांनी दोन वर्षांच्या नव्या कराराची बातमी आली.

पुढचं वर्ष मला नीट सांगता येत नाही, सांगावंसंही वाटत नाही. नोव्हेंबरमध्ये हरारेत लोक मुगाबेंना हटवा म्हणून रस्त्यावर उतरले, त्या गर्दीतही कुणीतरी 'वेंगर आउट' असा फलक धरला होता. जगभर तो फोटो फिरला, लोक हसले. आजोबा हसले नाहीत. ज्यांनी देश बुडवला त्यांच्या रांगेत आपला माणूस नेऊन बसवला, असं म्हणाले आणि पेपर घडी करून ठेवला. मी त्यांच्या विरुद्ध तटात होते. वेंगरांनी जावं असं मलाही वाटत होतं. पण त्या क्षणी मी मनाने पूर्णपणे आजोबांच्या बाजूला होते.

तर बर्फाची ती संध्याकाळ. चारच दिवसांपूर्वी मँचेस्टर सिटीने वेम्बलीत लीग कपच्या फायनलमध्ये 3-0 हरवलेलं, आणि आता पुन्हा तीच सिटी. मुलीची खुर्ची रिकामी राहायला नको म्हणून आजोबांनी मला बोलावलं. आत गेले आणि थबकले. लाल खुर्च्यांच्या ओळीच्या ओळी रिकाम्या, जिथवर नजर जाईल तिथवर. थंडी हे कारण होतंच, पण थंडीत ही माणसं जन्मभर आली आहेत. अर्ध्या तासात सिटीचे तीन गोल झाले. कुणी ओरडलं नाही. मला वाटतं, त्या स्टेडियमने काढलेला सगळ्यात वाईट आवाज तो होता. समोर, रेषेजवळ, लांब फुगीर कोट घातलेला अडुसष्ट वर्षांचा माणूस उभा होता, आणि साठ हजारांच्या त्या जागेत इतकी शांतता होती की त्याच्या कोटावर बर्फ पडल्याचंही ऐकू यावं.

आजोबांनी फ्लास्कमधला चहा दोन झाकणांत ओतला. एक माझ्या हातात दिलं. मग मैदानाकडे बघत म्हणाले, "ती इथे हवी होती. माझ्याशी भांडायला तरी."

दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला आर्सेनलच्या ओबामेयांगची पेनल्टीसुद्धा अडवली गेली. आम्ही शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबलो. आजोबा कधीच आधी उठत नसत.

20 एप्रिलला वेंगरांनी जाहीर केलं की मोसमाअखेर आपण जात आहोत. मुलगी दुसऱ्या दिवशी आली. जिंकल्याचा भाव तिच्या चेहऱ्यावर नव्हता. 6 मे रोजी बर्नलीशी घरचा शेवटचा सामना, 5-0. प्रत्येक खुर्चीवर लाल टी-शर्ट ठेवलेला, त्यावर 'मेर्सी आर्सेन'. बापलेक त्या दोन खुर्च्यांवर बसली होती. मी घरी टीव्हीवर पाहिलं. वर्षभर ज्यांनी जा म्हटलं आणि ज्यांनी राहा म्हटलं, त्या सगळ्यांच्या अंगात तोच लाल शर्ट होता. आठवड्याने हडर्सफील्डला त्यांचा अखेरचा सामना झाला. बाविसाव्या मिनिटाला दोन्ही संघांचे लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि वरून पुन्हा एक विमान गेलं. या खेपेला त्यावर आभार होते.

त्यानंतर मॅनेजर म्हणून एमेरी आले, दीड वर्षात गेले. आर्टेटा आले. ऑगस्ट 2021 मध्ये आर्सेनल पहिले तिन्ही लीग सामने हरून तळाला होती, तेव्हा पुन्हा तट पडले. मी तोवर पुण्याला परतले होते. मुलीचा निरोप आला: या वेळी मी थांबा म्हणणाऱ्यांत आहे. वडिलांचं काय, हे मी विचारलं. तेही, असं तिने लिहिलं. क्लब थांबला. 2023 आणि 2024 मध्ये आर्सेनल लीगमध्ये दुसरी आली.

28 जुलै 2023 रोजी एमिरेट्सबाहेर वेंगरांचा ब्राँझचा पुतळा उभारला, दोन्ही हातांनी करंडक डोक्यावर उचललेला. मुलीने फोटो पाठवला. त्यात पुतळ्यासमोर आजोबा उभे आहेत, काठी टेकून, टोपी हातात घेऊन. मी तो दादाला पाठवला. त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग लिहिलं, उद्या मामींकडे जाऊन येतो.

माझं मत बदललेलं नाही. वेंगरांनी 27 मे 2017 ला, वेम्बलीतून, कप हातात असताना जायला हवं होतं. पुतळा त्याच वर्षी उभा राहायला हवा होता.