उंचीची अट

इमॅजिकाला जायचं ठरल्यावर मी जी शीट बनवली, तिच्यातला पहिला रकाना तारखेचा नाही आणि बजेटचाही नाही. उंचीचा आहे. लेकीच्या नावासमोर ९६ लिहिलंय, सेंटिमीटरमध्ये. वय चार वर्षं पाच महिने, पण वयाचा रकाना केलेलाच नाही, कारण तिथे वय कुणी विचारत नाही. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली सुरू झालेल्या त्या पार्कात लहान कोण आणि मोठं कोण हे उंचीवर ठरतं. आधी तिकिटासाठी, आणि आत गेल्यावर राइडच्या तोंडाशी परत.

माझं स्वतःचं लहानपण वयाच्या हिशोबातलं. रेल्वेत पाच वर्षांपर्यंत फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट; एसटीतही तसंच. कल्याण स्टँडवरून माळशेज घाटाने ओतूरला आजोळी जाताना गाडी सुटायच्या आधीच बाबा बजावायचे, 'कंडक्टरने विचारलं तर चार सांग.' मी तेव्हा पहिलीत होते, पाठीला दप्तराचा घट्टा पडायची वेळ आली होती. कंडक्टर माझ्याकडे बघायचा, मग बाबांकडे बघायचा आणि पुढच्या सीटकडे सरकायचा. वयाचं असं होतं, त्यात थोडी सरकासरक चालायची. उंचीत नाही चालत. पट्टीला टेकून उभं राहायचं, विषय संपला.

आणि आमच्या घरात पट्टी हा साधा विषय नाही.

लेक एकतिसाव्या आठवड्यात झाली. वजन १३४० ग्रॅम. ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या एनआयसीयूत ती ३६ दिवस होती. त्या दिवसांबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन, किंवा नाही लिहिणार. इथे एवढंच, की तेव्हापासून आम्ही आकड्यांत बोलतो. आधी रोज सकाळचे ग्रॅम, मग नळीतून जाणाऱ्या दुधाचे मिलिलिटर, मग डोक्याचा घेर. दोन वर्षांची होईपर्यंत तिला दोन वयं होती: एक जन्मतारखेचं आणि एक त्यातून नऊ आठवडे वजा केलेलं. वेळेआधी आलेल्या बाळांची वाढ या वजा केलेल्या वयाने मोजतात. दोन वर्षांनंतर ती सवलत बंद होते. मग सगळ्यांना एकच तक्ता.

तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेला. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजून तो केला; भारतातली मुलं दिल्लीची होती. त्यातून दिसलं असं, की नीट खायला-प्यायला मिळालं आणि आजारपणं सांभाळली गेली तर नॉर्वेचं पोर आणि दिल्लीचं पोर पाच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखंच वाढतं. चार वर्षांच्या मुलीची मधली उंची त्यात १०२.७ सेंटिमीटर आहे. चौथ्या वाढदिवसाला आमची ९४.५ भरली. म्हणजे तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेला टेकून. शंभर धडधाकट मुली उंचीप्रमाणे उभ्या केल्या तर आपली लेक साधारण तिसरी-चौथी, बुटक्या टोकाकडून.

पर्सेंटाइल हा शब्द मला ऑफिसात रोज भेटतो. ऐरोलीत आमच्या टीमच्या डॅशबोर्डवर पी-नव्व्याण्णव नावाचा एक आलेख आहे: शंभरातल्या सगळ्यात रखडलेल्या विनंत्यांना किती वेळ लागतोय ते तो दाखवतो. सरासरीकडे कुणी बघत नाही, सगळा जीव त्या शेपटीत. तो आलेख वर चढला की रात्री दोनला फोन वाजतो आणि आम्ही उठून काहीतरी दुरुस्त करतो. त्यामुळे शेपटी दिसली की ती दुरुस्तच करायची असते असं डोक्यात बसलेलं. डॉक्टरांनी ते एका वाक्यात उतरवलं. ते म्हणाले, कुठल्या रेषेवर आहे ते सोडा, स्वतःची रेषा सोडत नाही ना एवढं बघा. लेकीने रेषा सोडलेली नाही. ती आपल्या तिसऱ्या रेषेवरून शिस्तीत चालली आहे.

बाकीच्यांना रेषा दिसत नाहीत, पोरगी दिसते. हळदीकुंकवाला गेलं की 'काही खात नाही का गं ही?' ठरलेलं. तिला स्वतःला मात्र यातलं काही माहीत नाही. शाळेत उंचीप्रमाणे रांग लागते तेव्हा ती सगळ्यात पुढे असते, आणि पुढे म्हणजे पहिला नंबर आला असा तिचा समज आहे. घरी येऊन सांगते, 'आई, आज पण मी फर्स्ट.' तो समज आम्ही मोडलेला नाही, बाईंनीही नाही.

थीम पार्कात तो मोडायची पूर्ण सोय आहे. अर्धा तास रांगेत उभं राहायचं, पुढच्या मुलांना आत सोडताना बघायचं, आणि मग युनिफॉर्ममधल्या एका दादाने तिच्या डोक्यावरच्या हवेकडे बोट दाखवायचं. त्या दादाची काही चूक नाही. पण हे तिला पहिल्यांदा त्याच्याकडून कळू नये, एवढीच माझी अट.

नवरा म्हणाला, पुढच्या वर्षी जाऊ, तोवर वाढेल. त्याचं चुकलं नव्हतं. पण चार वर्षं आम्ही हेच करतोय. छातीला जपायचं म्हणून गर्दीची लोकल नंतर, पोहणं नंतर, मुंज-लग्नं नंतर. 'नंतर' या शब्दाचा मला कंटाळा आला होता.

जवळचे पर्याय बघून झाले. टिकुजिनीवाडी डोंबिवलीहून तशी हाकेच्या अंतरावर. (त्या 'नी'चं कोडं मला मोठेपणी सुटलं. गुजरातीत 'नी' म्हणजे 'ची', टिकुजींची वाडी. शाळेत आम्ही ते जिनीसारखं काहीतरी समजायचो.) येऊरच्या डोंगराच्या पायथ्याची ती जागा आता पत्ता झाली आहे: मेट्रो चारच्या स्टेशनला तिचं नाव, बोरिवलीला जाणारा ११.८ किलोमीटरचा भुयारी रस्ता तिथूनच सुरू होणार, आणि सध्या या सगळ्याच्या कामामुळे घोडबंदर रोडवर जे होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. एस्सेलवर्ल्ड तर नाहीच. १९८९ साली उघडलेलं ते पार्क २०२२ साली बंद झालं. आमच्या पिढीला त्याची टीव्हीवरची जाहिरात चालीसकट पाठ आहे, गेलेल्यांनाही आणि न गेलेल्यांनाही. मी एकदाच गेले होते, पाचवीत, घरच्यांसोबत. लोकलने दादर, तिथून बोरिवली, मग गोराईच्या खाडीतून लाँच. बाबा माझ्याबरोबर सगळ्यात बसले. आई एका बाकावर बसली, दिवसभर, सहा जणांच्या बॅगा आणि चपला सांभाळत. प्रत्येक ग्रुपमध्ये असं एक माणूस असतंच.

शेवटी निर्णय डायनासोरने केला. इमॅजिकात राजासॉरस नावाची बोटीची राइड आहे आणि लेकीला सध्या जगात दुसरं काही दिसत नाही. राजासॉरस हा खराखुरा आपला डायनासोर. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात हाडं सापडली, २००३ साली नाव ठेवलं, राजासॉरस नर्मदेन्सिस. नर्मदेचा राजा. पण अशा राइडला उंचीची अट असतेच. म्हणजे जिच्यासाठी जायचं, नेमकी तिथेच पट्टी.

मग मी ही अट येते कुठून ते वाचत बसले. मला वाटायचं उंची म्हणजे धीटपणाचा ढोबळ अंदाज असेल, किती मोठं पोर घाबरणार नाही याचा. तसं नाहीये. प्रश्न दांडीचा आहे. मांडीवर जी आडवी दांडी येते ती दोघांत एक असेल, तर जाड मांडीला लागून थांबते. शेजारच्या बारीक मांडीवर फट राहते. गाडी चढावरून खाली झेपावते तेव्हा क्षणभर अंग सीटवरून सुटतं, आणि लहान मूल त्या फटीतून खाली सरकू शकतं. खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्याचंही तसंच: नायट्रोसारख्या पाच वेळा उलटं करणाऱ्या कोस्टरमध्ये तो पट्टा खांद्यावर बसला पाहिजे, कानाशी नाही. वजन, वय, धीटपणा हे सगळं बाजूला ठेवून उंची मोजतात, कारण रांगेत उभ्या असलेल्या माणसाची तीच एक गोष्ट पाच सेकंदांत आणि भांडण न होता मोजता येते. कपडे काढायला लागत नाहीत, आधारकार्ड लागत नाही. इंजिनिअर म्हणून मला हे आवडलं. हव्या त्या गोष्टीच्या जवळात जवळ जाणारी, स्वस्त, खोटं बोलता न येणारी खूण.

नवरात्रात कल्याणला दुर्गाडीच्या जत्रेत असली काही पट्टी नसते. तिथे पाळणेवाला नजरेने मोजतो. 'बसवा हो ताई, काय होत नाय, आईला धरून बसेल.' लेक हात पुढे करून उभी, खाली खाडीवरून वारा, वर आकाशपाळणा करकरतोय. मी नाही बसवलं. तिथून घरी येईपर्यंत ती रडत होती आणि नकार देणारी मी होते. पार्कात निदान नकार मला द्यावा लागणार नाही, ते काम एक रंगवलेला खांब करेल. त्या खांबाबद्दल माझं मत तिथून बदलत गेलं.

राहिलं लेकीला सांगणं. एका रविवारी पडद्याची जादा दांडी काढली. सोफ्यावर नवरा आणि त्याच्या शेजारी लेक. दांडी दोघांच्या मांडीवर आडवी घेतली आणि खाली दाबली. ती नवऱ्याच्या पोटाला लागून थांबली. लेकीच्या मांडीवर वीतभर फट. म्हटलं, आता गाडी खाली चालली, झूऽऽप. ती सरळ दांडीखालून घसरून जमिनीवर. खिदळली, परत वर चढली. परत झूप. अकरा वेळा. खालच्या काकूंनी वर येऊन विचारलं तेव्हा थांबलो.

मग मी विचारलं, 'राजासॉरसच्या बोटीत असं झालं तर?'

'मी पाण्यात पडेन.'

'म्हणून तिथे पट्टी असते. पट्टीपर्यंत डोकं पोचलं तरच बसवतात. आत्ता कदाचित नाही पोचणार.'

तिने बराच वेळ विचार केला. मग बाबाच्या पोटात बोट खुपसून म्हणाली, 'बाबा जाडा आहे म्हणून.'

गेला आठवडाभर ती सगळ्यांना हेच सांगते आहे. शाळेत, वॉचमन काकांना, फोनवर आत्याला. आम्ही इमॅजिकाला चाललोय पण बाबा जाडा असल्यामुळे मला बोटीत बसवणार नाहीत. नवरा संध्याकाळी चालायला जायला लागलाय.

बाकीचं नियोजन त्यामानाने सोपं निघालं. मंगळवार धरलाय, दोघांनी सुट्टी टाकली आहे. नकाशावर टबीचे उडते हत्ती, घोड्यांचा कॅरोसेल, डिटेक्टिव्ह बो-वावचा शो असा एक रस्ता आखलाय. दुपारी दीडला ती कुठेही झोपते, तेव्हा आम्ही दोघं आळीपाळीने मोठ्या राइड करू. राजासॉरसच्या पट्टीपाशी मात्र जायचंच, असं तिनेच ठरवलंय. तिला ती पट्टी बघायची आहे.

गाडीने जावं की लोकलने यावर वाद झाला. गाडी म्हणजे शिळफाटा, आणि शिळफाटा म्हटल्यावर डोंबिवलीकर पुढचं ऐकत नाहीत. लोकल सकाळी उलट्या दिशेची, बसायला मिळतं. कर्जतपुढे खोपोलीला जाणाऱ्या गाड्या मोजक्या, तेवढी वेळ पाळायची. हा फाटा जुना आहे. १२ मे १८५६ ला रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली आणि घाटापाशी अडली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. मधल्या काळात पुण्याला जाणारी माणसं खोपोलीला उतरून पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढायची. लेकीला यातल्या तट्टाचं फार कौतुक. स्टेशनं तिने पाठ केली आहेत: पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. लौजीला दरवेळी हसते. आणि या गाडीत तिची उंची कुणी विचारणार नाही. पाच पूर्ण व्हायला सात महिने आहेत, तिकीट फुकट, खरंखुरं.

तीन जणांचं ठरलं होतं. परवा आई आली होती, लेकीने तिला नायट्रोचा व्हिडिओ दाखवला. आईने तो लेक खेळायला गेल्यावरही बघितला. पुन्हा एकदा बघितला. मग मला विचारलं, 'यात वयाची अट असते का गं?'

म्हटलं, उंचीची असते. तब्येतीचं वेगळं, बीपी, पाठदुखी, ते विचारतात.

'बीपी नाही मला. मी चार फूट नऊ.' आमच्या घराण्यातली रेषा कुठून आली ते यावरून कळावं. 'घेतील?'

'घेतील बहुतेक. पण बॅगा कोण बघणार?'

'जावयांना सांग,' आई म्हणाली. आता तिला साडीऐवजी पंजाबी ड्रेस हवा आहे, आणि मंगळवारच्या आत शिवून देणारा शिंपी आम्ही फडके रोडच्या आसपास शोधतो आहोत.