बिडीची छाट आणि काळा कोट

हजार बिड्या वळून दिल्या तरी मजुरी पूर्ण हजारांची मिळेलच असं नव्हतं. कारखाना आणि वळणारी बाई यांच्यामध्ये सट्टेदार बसलेला असे. तो सूप पुढ्यात ओढून ही सैल, ही वाकडी, हिचं पान फाटकं असं म्हणत मूठमूठ बिड्या बाजूला काढी. ही छाट. तिची मजुरी कापली जाई आणि बिड्या मात्र परत मिळत नसत. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव भागात ज्यांच्या आई-आजीच्या मांडीवर तेंदूपत्त्याचं सूप होतं, त्यांना हे समजावून सांगायला नको.

त्या छाटीविरुद्ध भांडणारे काळे कोट तेव्हा मोजकेच. त्यात मोठं नाव कामठीच्या अ‍ॅड. नारायण हरी कुंभारे यांचं. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. कामठीत बाबू हरदास यांनी बिडी मजुरांना एकत्र आणलं होतंच, दादासाहेबांनी पुढे ती संघटना वकिलाच्या नजरेने चालवली आणि मजुरांचा प्रश्न घेऊन राज्यसभेपर्यंत गेले. १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार ठरली आणि छाटीचा तंटा सरकारी अधिकाऱ्यापुढे नेण्याची वाट झाली. सूपभर बिड्यांचा तो वाद, पण घरातलं तेल-मीठ त्यावरच चाले.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून खुद्द बाबासाहेब उभे होते. हरले. पण वस्त्यावस्त्यांतून शिकलेल्या पोरांना एक बॅरिस्टर आपल्यासाठी मतं मागायला आलेला दिसला. नंतरच्या पिढीत आमच्याकडे वकिलीकडे वळलेल्या कित्येकांच्या घरी ही आठवण सांगितली जाते.

मला आठवतात ते मात्र नाव न झालेले वकील. सकाळी त्यांच्या ओसरीवर सालेकसा-देवरीकडची माणसं बसलेली असत. कुणाला जळाऊ लाकडाच्या मोळीवरून जंगलखात्याच्या नाकेदाराने धरलेलं, कुणाच्या हातात कोतवालाने दिलेली नोटीस. मालगुजारी १९५१ साली गेली, तरी तळ्याचं पाणी, चराई, निस्ताराचं, म्हणजे घरवापराचं, लाकूड यांची भांडणं संपली नव्हती. वकीलसाहेब कागद वाचून दाखवत, गोंडीत-पोवारीत दोन शब्द बोलत आणि बऱ्याचदा म्हणत, "यात केस नाही बाप्पा, तहसीलीत जा, अर्ज दे, अन् घरी जा." अर्धे पक्षकार कोर्टाची पायरी न चढताच मोकळे होत. फी म्हणून कधी शिंगाडे, कधी नव्या धानाचे पायलीभर तांदूळ. मुन्शी कुरकुरे. त्याचंही पोट होतंच की.

या आठवणींवर फार साखर पेरू नये. ओसरीपर्यंत पोचायला कुणाची तरी ओळख लागे. ओळख नसलेला माणूस वकिलावाचून तारखांमागून तारखा खात राही. आणि पोचलेलाही हात जोडून उभा असे. मदत मिळे, पण उपकार म्हणून. वकील चांगला असला तर नशीब.

आता तसं नाही. १ मे १९९९ ला गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधीच, ९ नोव्हेंबर १९९५ पासून, विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा लागू झालेला. गरिबाला मोफत वकील हा आता हक्क आहे. मोळीच्या भांडणाचंही रूप पालटलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगलावर दावा सांगता आला आणि देवरीकडच्या काही ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. ज्यांचे बापजादे पेशीला उभे राहत, त्यांनीच व्यापाऱ्याशी भाव ठरवावा, ही गोष्ट त्या जुन्या वकिलांनी पाहायला हवी होती.

तरी ओसरीवरची ती सकाळ कायद्यात कुठे बसलेली दिसत नाही. मोफत वकील बहुधा केस उभी राहिल्यावर भेटतो. कागद हातात पडल्या दिवशी तो वाचून दाखवणारं, "यात केस नाही" असं सांगून स्वतःची फी बुडवणारं माणूस आज शोधावं लागतं. आणि कागद तर वाढले आहेत. बिडी कामगारांच्या कल्याणासाठीचा उपकर २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गेला. १९६६ चा कायदासुद्धा २०२० च्या कामगार संहितेत विरघळला. वळणाऱ्या बाईला यातलं काय कळलं, तिचं काय उरलं आणि काय गेलं, हे तिच्या दारी जाऊन कुणी सांगितलं?

गोंदिया, आमगाव, अर्जुनी मोरगावच्या तरुण वकिलांना म्हणून एक विनंती. आठवडी बाजाराच्या दिवशी एक टेबल, दोन खुर्च्या टाकून बसा. येईल तो कागद वाचून द्या. आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला एवढं नक्की सांगा, की विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे मोफत वकिलासाठी तिला उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही नाही, आणि विधी सेवेचा फोन क्रमांक १५१०० आहे.