अफझलगंजची माती

वैशाख तापू लागला की आमच्या घरी मुलतानी मातीची आठवण होते. यंदा नातीच्या पाठीवर घामोळे उठले, सौभाग्यवतींनी हाती पिशवी दिली आणि आम्ही सिटी बसने अफझलगंजला उतरलो. ही माती आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, अत्तराचा वास घातलेली आणि गुलाबी डबीत बसवलेली. परंतु आमच्या घरात त्या डबीवर कोणाचा विश्वास नाही. आणि खरे सांगावयाचे तर अफझलगंजला जाण्यास आम्हांला एखादे निमित्तच हवे असते.

पाचवे निझाम अफझलउद्दौला यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना येथे जागा दिली, त्यावरून हे नाव पडले. समोर मुशी नदी, तिच्यावर नया पूल आणि पलीकडे जुने शहर. पुलाकडे पाठ करून बेगम बाजाराच्या बाजूस वळले की नाकालाच वाट कळते. काष्ठौषधींच्या दुकानांत तोंडे दुमडलेली पोती ओळीने मांडलेली असतात. हिरडा, बेहडा, रिठे, शिकेकाई, वाळा. मागच्या अंगास, थोड्या अंधारात, मात्यांची पोती. पिवळसर मुलतानी, तांबडा गेरू, आणि तिच्याहून मऊ, तेलकट वाटणारी ‘गिले अरमनी’.

आम्ही माती मागितली की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “खानेकू होना या लगानेकू, मास्टरसाब?”

दख्खनीतला हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. गेरू आपल्या घरांतून अंगावर पित्त उठले की लावतात. शुद्ध केलेली सोनकाव वैद्य पोटातही देतात. चरकसंहितेत ऊरुस्तंभावर वारुळाची माती अंगास चोळावी असे सांगितले आहे. पण त्याच ग्रंथात माती खाण्याने होणाऱ्या पांडुरोगाचेही वर्णन आहे. डोहाळ्यांत भाजक्या मातीचा खडा चघळणाऱ्या स्त्रिया आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांच्या पांढऱ्या फटक नखांचा अर्थ मात्र फार उशिरा कळला. पोटात गेलेली माती अन्नातले लोह धरून ठेवते आणि रक्त आणखीच कमी होते.

गिले अरमनी म्हणजे अर्मेनियाची माती. युनानी हकीम ती रक्तस्राव थांबवण्यास आणि अतिसारावर देत आले. तिचीच एक बहीण ‘गिले मख्तूम’, म्हणजे शिक्क्याची माती. ही ग्रीसच्या लेम्नॉस बेटावरची. हकीम ज्याला जालीनूस म्हणतात तो गेलन वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात स्वतः त्या बेटावर गेला आणि शिक्का मारलेल्या मातीच्या वीस हजार वड्या घेऊन परतला. शिक्का कशासाठी? तर ही माती त्याच जागची, निवडलेली व धुतलेली आहे, याची खूण म्हणून. औषधी माती आणि पायाखालची माती यांतील भेद त्या जुन्या लोकांनी इतका काटेकोर मानला होता.

हाच भेद आम्हांला दुसऱ्यांदा भेटला तो तेथून जवळच, अफझलगंजच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयात. निझामाच्या काळी १८९१ साली सुरू झालेले हे ग्रंथालय १९३६ पासून नदीकाठच्या भव्य इमारतीत आहे. तेथे आम्ही गांधीजींची आरोग्यावरील पुस्तिका वाचली. १९४२ ते १९४४ या काळात पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कैदेत असताना त्यांनी ती लिहिली. मातीचा नाद त्यांना आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकाच्या पुस्तकाने लावला. पोटावर ठेवावयाच्या पट्टीची मापेसुद्धा ते देतात: तीन इंच रुंद, सहा इंच लांब, अर्धा इंच जाड. माती खत घातलेल्या जमिनीतली नको, ती चाळलेली हवी, स्वच्छतेविषयी शंका असेल तर तापवून घेतलेली हवी. वाहत्या गळवावर पट्टी ठेवताना तर आधी ते पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावे आणि माती त्याच पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळावी. १९४६ साली उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार आश्रम उभा केला, त्याची कीर्ती आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. ही परमँगनेटची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आम्हांला ती वाचून लाज वाटली. कारण तोवर उशीर झाला होता.

ग्रंथालयाच्या जवळच उस्मानिया रुग्णालय आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला महापूर आला, हजारो माणसे गेली, अफझलगंजचे जुने रुग्णालयही पडले. आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले असे सांगतात. पुढे उभी राहिलेली घुमटांची इमारत व्हिन्सेंट एश या वास्तुकाराची. जुलै २०२० मध्ये तिच्यात पावसाचे पाणी शिरले आणि रुग्णांना तेथून हलवावे लागले. आम्ही तिच्याकडे पाहतो तेव्हा मात्र आम्हांला पंचवीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवते.

शाळेच्या मैदानावर खो-खो चालला होता. एका मुलाच्या तळव्यात काच शिरली. आम्ही काच ओढून काढली, आणि गावाकडे जसे करतात तशी मैदानाच्या कडेची मऊ माती चिमटीने जखमेवर दाबली. रक्त थांबले. आम्हांला मोठे समाधान वाटले! दुसऱ्या दिवशी पाय सुजला आणि त्याला घेऊन आम्ही या रुग्णालयात आलो. डॉक्टर जखमेतले ढेकूळ चिमट्याने टिपत होते. त्यांनी मान वर न करताच विचारले, “ये मिट्टी कौन डाला?”

मुलाने एकदा आमच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “मैंच डाला, साब.”

आम्ही गप्प राहिलो. धनुर्वाताचे जंतू मातीत, विशेषतः जनावरांच्या लिदीने भरलेल्या मातीत, वर्षानुवर्षे बीजरूपाने टिकतात, हे डॉक्टरांनी त्या मुलालाच समजावले. त्याला इंजेक्शन दिले, पाय बरा झाला. नवजात बालकांच्या नाळेला माती वा शेण लावण्याच्या चालीने कितीतरी मुले धनुर्वाताने जात. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे तो रोग २०१५ साली भारतात जवळजवळ नाहीसा झाला. रक्त थांबवण्याचा हकिमांचा अनुभवही खोटा नव्हता. केओलिन नावाची पांढरी माती रक्त गोठण्याची क्रिया चालू करते, आणि आज सैनिकांच्या जखमांवर केओलिन लावलेली निर्जंतुक पट्टी वापरतात. आमच्या चिमटीत होती ती मैदानाची धूळ.

त्या मुलाची क्षमा आम्ही कधी मागितली नाही.

परवा माती घेऊन घरी आलो. सौभाग्यवतींनी ती गुलाबपाण्यात कालवून नातीच्या पाठीवर लावली, आणि ती सुकेपर्यंत पोर पालथी पडून खिदळत राहिली. उठल्यावर वाटीत उरलेली माती तिने आदल्या दिवशी खरचटलेल्या गुडघ्याकडे नेली. आम्ही वाटी काढून घेतली आणि तिला साबणाने गुडघा धुण्यास नळाशी नेले. का, म्हणून तिने विचारले. तेव्हा त्या खो-खोच्या संध्याकाळची गोष्ट, मुलाच्या उत्तरासकट, आम्ही प्रथमच घरात सांगितली.