वैनगंगेकाठी सत्तावीस उच्छ्वास

भंडारा शहर मागे टाकून दक्षिणेकडे निघाले की रस्ता धानाच्या बांध्यांतून आणि माजी मालगुजारी तलावांच्या काठांवरून पवनीस पोहोचतो. आपल्या व्यापारी मंडळींना हा जिल्हा माहीत आहे तो तुमसरच्या धानबाजारामुळे आणि भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांमुळे. ध्यानसाधनेसाठी कोणी भंडाऱ्यास जात असेल, असे सहसा मनात येत नाही. मात्र मंत्राचा ध्वनी आणि श्वास यांचे नाते समजून घ्यायला मला हीच भूमी लाभली.

पवनी हे वैनगंगेवरचे प्राचीन नगर. मातीचा जुना तट, नदीत उतरणारे घाट आणि पावलोपावली मंदिरे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूर येथे दोन भव्य स्तूपांचे अवशेष मिळाले. तेथील स्तंभांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दात्यांची नावे कोरलेली आहेत. दान देऊन नाव कोरण्याची हौस आजचीच नाही, हे पाहून थोडी गंमत वाटते!

जवळच रुयाड येथे आधुनिक काळात महास्तूप उभा राहिला आहे. तेथे सामुदायिक पाली पठण ऐकत मी बराच वेळ बसलो. अर्थ पुरता कळत नव्हता. परंतु वंदनेचा आरंभीचा शब्द कानाला परका नव्हता. आपल्या णमोकार महामंत्राचा पहिला शब्दही नमनाचाच, आणि भाषाही प्राकृत. मावळातील पाळे येथील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लहानसा शिलालेख आहे. त्यात लेणे आणि पाण्याचे टाके खोदविल्याची नोंद असून आरंभ अरहंतांच्या नमनाने होतो. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा तो अतिप्राचीन पुरावा मानतात. मार्ग भिन्न, सिद्धांत भिन्न. पण मस्तक लववण्याचा उच्चार या भूमीत दोन्ही श्रमण परंपरांनी जपला.

प्रत्यक्ष शिक्षण मात्र भंडाऱ्यात मिळाले, एका वयोवृद्ध व्रती श्राविकेकडून. त्यांना सर्व जण काकू म्हणतात. प्रसिद्धी त्यांना रुचत नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पहाटे मंदिराच्या ओसरीवर सामायिकास बसताना त्यांनी प्रथम माळ बाजूला ठेवायला लावली. “भाऊ, मोजदाद दुकानात पुष्कळ होते. इथे आधी श्वास पाहा.”

रीत नवी नाही. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार म्हणावयाचा आणि त्यास सत्तावीस उच्छ्वास लागावेत, अशी आपली परंपरा आहे. एका मंत्रास तीन श्वास. पहिले पद श्वास घेताना, दुसरे सोडताना. तिसरे घेताना, चौथे सोडताना. पाचवे पद दीर्घ, म्हणून ते दुभंगून तिसऱ्या श्वासात. हे सारे मनातल्या मनात. वाचिक, उपांशु आणि मानस अशा जपाच्या तीन पायऱ्या आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केल्या. पण पहिलीवरून तिसरीवर जाताना गती किती मंदावते, हे पाठांतराने कळत नाही. शुभचंद्राचार्यांच्या ‘ज्ञानार्णवा’त आणि हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त ज्याला पदस्थ ध्यान म्हटले आहे, त्याचे दार हेच. पद आधी कानात, मग मनात, आणि नंतर केवळ त्या पदाचा आधार घेऊन चित्त स्थिर.

इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये तेवीस निरोगी व्यक्तींवर एक प्रयोग केला होता. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा भारतीय परंपरेतला मंत्र म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावला आणि हृदयाच्या लयीतही अनुकूल बदल दिसले. या गतीने आपले सत्तावीस उच्छ्वास साडेचार मिनिटांत पूर्ण होतात. काकूंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “बरे झाले,” आणि पुन्हा डोळे मिटून बसल्या.

मला हे शिकायची निकड होती. भंडाऱ्यात माझ्या आत्या अंथरुणाला खिळल्या होत्या. अन्न हळूहळू सुटत चालले होते, ऐकूही कमी येई. अंतसमयी णमोकार कानी पडावा, ही त्यांची एकच इच्छा. म्हणून घरच्यांनी उशाशी अहोरात्र मंत्र म्हणणारे छोटे यंत्र लावले होते. भाव निर्मळ होता. दुकान, आजारपण आणि पाहुणे सांभाळून सतत कोण बसणार? पण त्या बारीक, कर्कश आवाजाने आत्या अस्वस्थ होत आणि मान फिरवीत.

काकू पाहायला आल्या. त्यांनी यंत्र बंद केले, तेव्हा वहिनींचा चेहरा उतरला. “बंद केल्याचा दोष लागेल का?” त्यांनी विचारले. काकू म्हणाल्या, “दोष कसला? हे यंत्र यांच्या श्वासासाठी थांबत नाही. तुम्ही थांबू शकता.” मग आत्यांच्या कानाशी वाकून, खालच्या पट्टीत, त्यांनी एकेक पद म्हटले. आत्यांचा श्वास सुटेल तेव्हा पद, त्या श्वास घेतील तेव्हा मौन. येथे तीन श्वासांचा नियम नाही. रोग्याचा श्वास आखूड असतो, तोच प्रमाण मानायचा. उतारवयात बारीक स्वर आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून आवाज खर्जाचा हवा. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला आत्यांचे ओठ हलू लागले.

त्यानंतर घरात पाळ्या ठरल्या. पहाटे वहिनी, दुपारी पेढी बंद असताना भाऊ, रात्री नातू. प्रत्येकी पंधरा मिनिटेच; अधिक बसले की म्हणणाऱ्याचे मन भरकटते, हा काकूंचा अनुभव. अकरावीतला नातू पहिल्यांदा लाजत होता. पुढे परीक्षेच्या दिवसांतही त्याने आपली पाळी कोणाला दिली नाही.

फाल्गुनात आत्यांचे देहावसान झाले. त्या रात्री पाळी नातवाची होती. श्वासांतील अंतर वाढत गेले, तसा तोही थांबत गेला.